इनान्ना, इश्तार आणि "प्रेम + युद्ध" हे नक्की काय प्रकरण आहे?

प्रश्न असा होता की मेसोपोटेमियात (म्हणजे प्राचीन इराक आणि आसपास) प्रेम आणि युद्ध ही दोन्ही खाती एकाच देवीकडे कशी, का दोन वेगळ्या देव्या कुणीतरी नंतर जोडून टाकल्या? त्याबरोबर पंख आणि घुबडं असलेल्या बाईचा फोटो टाकून "हीच ना ती इश्तार?", मग ईस्टर हा शब्द तिच्यावरून आला का, आणि शेवटी, सिंह आहे म्हणजे आपली दुर्गा तिकडूनच आली का. चार प्रश्न आहेत खरं तर. मी गेली पंधरा-सोळा वर्षं क्यूनिफॉर्म, म्हणजे मातीच्या पाट्यांवरची तिकडची लिपी, वाचते आणि शिकवते, आणि दर बॅचला यातला एक तरी प्रश्न येतोच, त्यामुळे आज एकदाच नीट लिहून टाकते, लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी नावांचा घोळ. सुमेरियन या तिथल्या जुन्या भाषेत इनान्ना, अक्कादियन या नंतर पसरलेल्या भाषेत इश्तार. बॅबिलोन आणि असिरियावाले अक्कादियन बोलायचे म्हणून तिकडे इश्तार. पण गंमत म्हणजे लिहिताना लेखनिक बऱ्याचदा इनान्नाचंच चिन्ह काढायचे आणि वाचायचे इश्तार. असिरियन पत्रांत तर अजून शॉर्टकट, देवाचं चिन्ह काढायचं आणि पुढे आकडा १५ टाकायचा, झालं, इश्तार! तिचा बाप म्हणजे चंद्रदेव सीन त्याचा आकडा ३० (महिन्याचे दिवस), भाऊ सूर्यदेव शमश त्याचा २०, आणि हिचा १५. नवीन विद्यार्थी पहिल्यांदा पत्रात "१५ तुमचं रक्षण करो" असं वाचतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आणि पुढे पुढे "इश्तारु" हा शब्द अक्कादियनमध्ये नुसता "देवी" या अर्थानेच वापरायला लागले, कुठलीही देवी. एवढी मोठी होती ती.

आता मुख्य प्रश्न. पुस्तकांत एक जुनी थिअरी सापडेल की सुमेरियन इनान्ना ही गोड, प्रेमाची देवी होती, सेमिटिक (म्हणजे अक्कादियन बोलणाऱ्या) लोकांची इश्तार ही लढाऊ होती, आणि साधारण इ.स.पू. २३०० च्या सुमाराला अक्कादच्या सार्गोनने राजकारणासाठी दोघींना एक केलं. थिअरी अगदीच हवेत नाहीये, कारण इश्तार हे नाव ज्या कुळातलं आहे त्यात उगारित या सीरियातल्या जुन्या शहराचा अथ्तर आणि दक्षिण अरबस्तानातला अथ्तर हे चक्क पुरुष देव आहेत, आणि तिच्या युद्धाची वर्णनं सार्गोनच्या काळापासून धो धो मिळायला लागतात हेही खरं. पण "आधी गोड होती, मग बिघडवली" याला पुरावा कुठाय? सगळ्यात जुन्या पाट्या उरुकच्या आहेत, आजचं दक्षिण इराकमधलं वारका, इ.स.पू. ३००० च्या आगेमागे. त्या पाट्या म्हणजे निव्वळ हिशेब आहेत, कुणाला किती धान्य किती मेंढ्या. त्यात इनान्नाला नैवेद्य जातो तो दोन वेगवेगळ्या नोंदींखाली, सकाळची इनान्ना आणि संध्याकाळची इनान्ना. म्हणजे लेखनकला जेमतेम पाळण्यात आहे तेव्हापासून ही बाई दुहेरी आहे.

सकाळ-संध्याकाळ कशामुळे, तर ती शुक्राची चांदणी. शुक्र काही महिने संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, मग थोडे दिवस गायब, मग पहाटे पूर्वेला. काही पाट्यांत तर स्पष्ट लिहिलंय की एका वेळेला ती बाई आणि दुसऱ्या वेळेला पुरुष. (आपल्याकडे पण बघा ना, शुक्र म्हणजे दैत्यांचा गुरू, पुरुष, पण मराठीत आकाशाकडे बोट दाखवून आपण म्हणतो "ती बघ शुक्राची चांदणी". संबंध काही नाही, उगाच आठवलं.) बॅबिलोनी लोकांनी राजा अम्मिसदुकाच्या २१ वर्षांतल्या शुक्राच्या उगवण्या-मावळण्याच्या नोंदी ठेवल्यात, त्यांच्या कॉप्या निनेवेच्या, म्हणजे असिरियाच्या राजधानीच्या, लायब्ररीत सापडल्या. तेव्हा ही नुसती काव्यातली कल्पना नव्हे, लोक खरोखर रात्र रात्र बघत बसायचे.

पण शुक्राचं निम्मंच उत्तर. माझं स्वतःचं मत, जे वाचून वाचून झालेलं आहे, ते असं की "प्रेमाची आणि युद्धाची देवी" हे लेबल आपण लावलंय, त्यांच्या दृष्टीने ही दोन खाती नव्हतीच. एकच गोष्ट होती, तिची मर्जी. ती कुणावर भाळते आणि कुणाला टाकते. तुमच्यावर भाळली तर बिछान्यात तुम्ही, सिंहासनावर तुम्ही, रणांगणात तुमचीच बाजू. मन उठलं की तिन्ही गेलं. एवढं लक्षात ठेवून वाचायला घेतलं की मग प्रत्येक पाटी सरळ वाचता येते.

उदाहरण घ्या. सुमेरमधे उरचा शुल्गी, इसिनचा इद्दिन-दगान असे राजे स्वतःला इनान्नाचा नवरा म्हणवून घ्यायचे, म्हणजे तिच्या प्रियकराच्या, दुमुझी नावाच्या मेंढपाळाच्या भूमिकेत. इद्दिन-दगानच्या स्तोत्रात सगळं सविस्तर आहे, खाट मांडली, अंथरूण घातलं, देवी न्हाली, राजा तिच्याकडे गेला, मग जेवणावळ. प्रत्यक्षात काय व्हायचं, कुणी पुजारीण बसायची की सगळं शब्दांतच, यावर आमच्या फील्डमधे अजून भांडणं चालू आहेत. पण मुद्दा तो नाहीच! मुद्दा हा की राजाची सत्ता तिच्या प्रेमावर उभी आहे असं तो जाहीरपणे सांगतोय. आणि याचीच उलटी बाजू "अगादेचा शाप" या कवितेत. अगादे म्हणजे सार्गोनची राजधानी, इनान्नाने तिथे घर केलं, कोठारं भरून वाहिली, लोक नाचतायत खातायत, आणि मग एक दिवस ती निघून जाते. आणि जाताना काय काढून घेते, तर शहराची लढण्याची ताकद, ती उचलून शत्रूच्या हातात देते. रुसून माहेरी निघालेली बाई आणि बाजू बदललेला सेनापती, एकाच ओळीत दोन्ही. इथे प्रेम कुठे संपलं आणि युद्ध कुठे सुरू झालं सांगा मला?

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याचा तो कायद्यांचा काळा दगड, ल्युव्र म्युझियममधला, सगळ्यांना "डोळ्याला डोळा" एवढाच माहितीये, पण कायदे संपल्यावर खाली शापांची मोठी यादी आहे. त्यात इश्तारला युद्धाची मालकीण म्हणून बोलावलंय आणि सांगितलंय की जो कोणी माझे शब्द पुसेल त्याचं शस्त्र रणांगणात मोड, त्याचा दिवस रात्र कर. आणि अक्कादियनमधे लढाईला "इश्तारचा खेळ" म्हणायची पद्धत होती. खेळ! मला हा शब्द पहिल्यांदा समजला तेव्हा अंगावर काटा आला होता.

एन्हेदुआनाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ही सार्गोनची मुलगी, उर शहरात चंद्रदेवाची मुख्य पुजारीण. १९२७ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला उरमध्ये तिचं नाव आणि चित्र कोरलेली दगडी चकती सापडली, म्हणजे ती खरी बाई होती यात शंका नाही. तिच्या नावावर असलेल्या कवितांच्या प्रती मात्र तिच्यानंतर पाचेकशे वर्षांच्या आहेत, शाळेतल्या पोरांनी गिरवलेल्या, त्यामुळे सगळं तिनेच लिहिलं का यावर वाद आहे. "जगातली पहिली नाव माहीत असलेली लेखिका" असं बिनधास्त फॉरवर्ड करण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. पण कविता काय आहे! १५३ ओळी. लुगल-आने नावाच्या बंडखोराने तिला देवळातून हाकललंय, ती चंद्रदेवाकडे दाद मागते, तो ढिम्म, काही बोलतच नाही. मग ती सरळ त्याच्या मुलीकडे, इनान्नाकडे वळते. आणि काय आळवते, तू प्रेमळ आहेस, माउली आहेस असं? छे. तू पुरासारखी येतेस, तू देश उद्ध्वस्त करतेस, तुझ्यापुढे मोठे मोठे देव वटवाघळांसारखे फडफडत कडेकपारीत लपतात, अशी स्तुती. शेवटाकडे ती म्हणते की हे गाणं मी तुझ्यासाठी जन्माला घातलं, मध्यरात्री जे तुला म्हटलं ते गायक दुपारी पुन्हा म्हणो. वैयक्तिक अपमान, राजकीय बंड, भक्ती आणि बाळंतपण असं सगळं एका दमात, आणि मग इनान्ना प्रसन्न होते.

तिच्याच नावावरच्या दुसऱ्या एका स्तोत्रात म्हटलंय की पुरुषाची बाई करणं आणि बाईचा पुरुष करणं हे इनान्ना तुझ्या हातात आहे. तिच्या उत्सवात कुर्गर्रू आणि अस्सिन्नू नावाचे लोक असायचे, वेशभूषा, नाच, शस्त्रं घेऊन. आजचे शब्द त्यांना चिकटवायचा मोह होतो, आपल्याकडच्या वाचकाला लगेच जोगते आठवतात, पण दोन्हीकडचे तपशील वेगळे आहेत, घाई नको.

डोंगराची गोष्ट माझी लाडकी आहे. एबिह नावाचा डोंगर, आजची हम्रीनची रांग, तो तिच्यापुढे वाकला नाही. बस, एवढंच कारण. आन नावाच्या आकाशदेवाकडे जाऊन तिने तक्रार केली, तो म्हणाला नको जाऊस बाई, भयंकर डोंगर आहे. ही गेली, डोंगराची मान धरली आणि सुरा खुपसला. डोंगराची मान!

आता प्रेम. इथे एक गैरसमज आधी काढते, ती "प्रजननाची देवी" किंवा "मातृदेवता" नव्हे. आईचं काम निन्हुर्सग वगैरे दुसऱ्या देव्यांकडे. इनान्नाचं प्रेम म्हणजे ओढ, इच्छा, लग्नाआधीची चोरून भेट. दुमुझीबरोबरची गाणी सुमेरियनच्या एमेसल नावाच्या बोलीत आहेत, जी साहित्यात देव्या आणि बायका बोलतात, आणि ती गाणी चांगलीच चावट आहेत. त्यात लेट्यूसच्या उपमा येतात, मधाच्या येतात, आईला काय थाप मारायची याचीही चर्चा येते, मैत्रिणीबरोबर चौकात नाचत होते म्हणून सांग. चार हजार वर्षं झाली, थाप तीच. आणि अगदी व्यवहारातली गोष्ट म्हणजे बॅबिलोनियात दारूचा गुत्ता नीट चालावा, गिऱ्हाईक यावं म्हणून करायचा विधी पाट्यांवर आहे, त्यात बोलावलंय कुणाला, तर इश्तारला.

ती पाताळात जाते ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल, हल्ली वर्कशॉपवाल्यांनी फार लोकप्रिय केलीये, सात दरवाजे, प्रत्येक दरवाजात एक दागिना किंवा वस्त्र उतरवायचं, "आपला अहंकार उतरवायचा" वगैरे. ऐकायला छान, पण मूळ सुमेरियन कविता, जी चारशेच्या आसपास ओळींची आहे, ती वाचा. ही बया बहिणीच्या, एरेश्किगलच्या सिंहासनावर जाऊन बसते! दारात कारण सांगते की मेव्हण्याच्या अंत्यविधीला आलेय. पाताळाचे न्यायाधीश तिला मारून खुंटीला टांगतात. निघण्यापूर्वी तिने दासीला, निन्शुबुरला, सांगून ठेवलेलं असतं म्हणून वाचते, एन्की देव नखातल्या मळातून दोन जीव बनवतो आणि ते तिला सोडवून आणतात. पण बदली माणूस द्यावा लागणार. वर येऊन बघते तर दुमुझी मस्त कपडे घालून सिंहासनावर बसलाय, शोक नाही काही नाही. म्हणाली, याला न्या. इथे परत तेच, मर्जी गेली. नंतर त्याची बहीण गेश्तिनान्ना अर्धं वर्ष त्याच्या वाटचं पाताळ भोगते. इराक-सीरियाकडे अजूनही जुलै महिन्याला तम्मुझ म्हणतात, तो हाच दुमुझी.

अक्कादियन आवृत्ती लहान आहे, दीडशेच्याही आत ओळी, पण त्यात दोन गोष्टी जास्तीच्या आहेत ज्या सुमेरियनमधे नाहीत. एक, ती पाताळाच्या दारवानाला धमकी देते की दार उघड नाहीतर दार फोडेन, मेलेल्यांना वर आणेन, ते जिवंतांना खातील. दोन, ती खाली अडकल्यावर बैल गायीवर चढत नाही, पुरुष एकटा झोपतो, बाई एकटी झोपते. दार फोडण्याची धमकी देणारी आणि जिच्यावाचून बिछाने थंड पडतात ती, एकच व्यक्ती, मधे वीसपंचवीस मिनिटांचं सुद्धा अंतर नाही.

आणि गिलगमेशचं महाकाव्य! सहाव्या पाटीत इश्तार त्याला सरळ लग्नाची मागणी घालते. तो नाही म्हणतो ते ठीक, पण काय काय बोलतो. तू म्हणजे वारा न अडवणारं दार, घालणाऱ्याचा पाय चावणारा जोडा, वाहणाऱ्यालाच भिजवणारी पखाल. मग जुन्या प्रियकरांची यादी, दुमुझीच्या नावाने दरवर्षी रडणं, पक्ष्याचा पंख मोडला, सिंहासाठी खड्डे खणले, घोड्याला चाबूक, मेंढपाळाचा लांडगा केला. लोक हे "स्त्रीद्वेष" म्हणून वाचतात, असेलही थोडा, पण गिलगमेश उरुकचा राजा आहे हे विसरू नका, म्हणजे तिच्याच शहराचा. इनान्नाचा नवरा होणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक. ती चिडून स्वर्गातला बैल सोडते, बैल मारला जातो, गिलगमेशचा जिवलग मित्र एन्किदू बैलाची मांडी तिच्या अंगावर फेकतो, आणि त्याची किंमत एन्किदूच्या जिवाने चुकते होते.

असिरियन काळात मामला आणखी जवळचा होतो. निनेवेची इश्तार आणि अर्बेलाची इश्तार अशा दोन, कधी कधी एकाच वाक्यात दोघींचं नाव. अर्बेला म्हणजे आजचं एर्बिल, लोक अजून त्याच टेकाडावर राहतायत. तिथल्या बायकांच्या अंगात यायचं आणि त्या देवीच्या वतीने राजाशी बोलायच्या, ते बोल पाट्यांवर उतरवून ठेवलेत. एसरहद्दोन राजाला ती सांगते की मीच तुझी सुईण, मीच तुझी दाई, भिऊ नको. (आई नव्हे, दाई. फरक आहे.) त्याचा मुलगा असुरबनिपाल एलामचा (आजच्या नैऋत्य इराणमधलं राज्य) राजा तेउम्मान याच्यावर चालून जाणार असतो, घाबरलेला असतो, तेव्हा एका द्रष्ट्याला स्वप्न पडतं, दोन्ही बाजूंना भाते, हातात धनुष्य, उपसलेली तलवार अशी इश्तार, आणि ती राजाला आईसारखं म्हणते की तू इथेच थांब, खा, पी, गाणंबजावणं कर, मी जाऊन येते. इ.स.पू. ६५३ मधे तिल-तुबाची लढाई झाली, तेउम्मानचं मुंडकं कापलं. ते सगळं दगडात कोरलेलं ब्रिटिश म्युझियममधे आहे.

फोटोचं. तो मातीचा पट ब्रिटिश म्युझियमने २००३ मधे पंधरा लाख पौंडांना घेतला आणि नाव दिलं "रात्रीची राणी". इश्तार असू शकते, तिची बहीण एरेश्किगल असू शकते, लिलिथवाली (ज्यू कथांतली राक्षसी) थिअरी जुनी आहे आणि मला पटत नाही. पायाखाली सिंह आहेत म्हणून इश्तार म्हणावं तर घुबडं तिची नव्हेत, पंख खाली पडलेले म्हणून पाताळवाली म्हणावं तर सिंह आडवे येतात. पटावर नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. खात्रीचं हवं असेल तर आठ टोकांचा तारा शोधा, ती इश्तारची खूण. आणि हो, बर्लिनमधलं निळं इश्तार द्वार, नेबुकद्नेझर दुसऱ्याने बांधलेलं, त्या दरवाजावर सिंह नाहीतच, बैल आणि ड्रॅगन आहेत, ते अदाद आणि मार्दुकचे. सिंह आहेत ते दरवाजाकडे येणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्याच्या भिंतींवर.

ईस्टर आणि इश्तार? नाही. उच्चार सारखा एवढंच. ईस्टर हा इंग्लिश-जर्मनकडचा शब्द, बहुतेक बाकी भाषांत त्या सणाचं नाव पास्का (ज्यूंचा वल्हांडण सण) या शब्दावरून आहे. असाच दुसरा गैरसमज, ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की बॅबिलोनच्या प्रत्येक बाईला आयुष्यात एकदा देवळात परपुरुषाबरोबर जावं लागे, तेही क्यूनिफॉर्म पाट्यांत कुठे सापडत नाही, लाखो पाट्या आहेत आपल्याकडे.

राहिली दुर्गा. थेट "इश्तारच दुर्गा झाली" म्हणणं हे व्हॉट्सॲप लेव्हलचं आहे, महिषासुराची कथा मेसोपोटेमियात नाही. पण एक खरा धागा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. उरुकमधेच नानाया नावाची दुसरी देवी होती, शृंगाराची, इनान्नाच्या सावलीतली. तिची मूर्ती एलामवाल्यांनी पळवलेली, ती असुरबनिपालने त्यांच्या राजधानीहून, सुसाहून, परत आणली आणि १६३५ वर्षांनी आणली असा दावा केला (आकडा फुगवलेला, पण फुशारकी बघा). ही नानाया व्यापाऱ्यांबरोबर म्हणा, सैन्याबरोबर म्हणा, पूर्वेकडे सरकत गेली, इराण, मग बॅक्ट्रिया (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा भाग), आणि तिकडे नाव झालं नाना. आपल्याकडे नाना म्हणजे काका, तिकडे देवी! कुषाणांच्या नाण्यांवर ती आहे, बाजूला नाव लिहिलेलं, हुविष्काच्या नाण्यांत सिंहावर बसलेली सुद्धा. देवीच्या सिंहाचं रूप आपल्याकडे घडताना या नानाचा हात लागला असावा असं काही अभ्यासक मानतात आणि मला ते शक्य वाटतं, वाहनापुरतं. अफगाणिस्तानात राबाटकला १९९३ मध्ये कनिष्काचा शिलालेख सापडला, बॅक्ट्रियन भाषेत. उरुकपासून दोन हजार किलोमीटरवर, त्या सकाळ-संध्याकाळच्या हिशेबांनंतर तीन हजार वर्षांनी, आणि त्यात कनिष्क सांगतोय की मला हे राज्य मिळालं ते नानाकडून, आणि मग बाकीच्या देवांकडून.